चढेल तो पडेलच असे नाही

‘चढेल तो पडेल, पोहेल तो बुडेल’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. जो काही करायला जातो त्याच्याच हातून चूक होते, बसून राहणाऱ्याच्या हातून ती होत नाही, असा तिचा सरळ अर्थ. पण आपण ती म्हण शब्दशः घेतली आणि तिची सबब केली. माणूस शिडीवरून पडला की शेजारीपाजारी गोळा होतात, ‘नशीबच फुटके, दुसरे काय’ म्हणून हळहळतात आणि तीच शिडी पुन्हा त्याच भिंतीला टेकवून आपापल्या घरी जातात. पुढच्या मोसमात त्याच शिडीवर दुसरा कोणी चढतो.

भिवापुरात दवाखाना चालवताना असे पडलेले पुष्कळ रुग्ण मी पाहिले. त्यांना व त्यांच्या घरच्यांना विचारपूस करून माझे एक ठाम मत झाले आहे. शिडीवरून पडणे हा बहुतेक वेळा दैवाचा खेळ नसतो. पहिल्या पायरीवर पाऊल पडण्याआधीच, जमिनीवर उभे असताना त्याचा निकाल लागलेला असतो. शिडी कोणती घेतली, ती कशी उभी केली आणि वर कोणाला चढवले, या तीन गोष्टींत सारे आले.

आरोग्याच्या सदरात शिडी कशाला, असे काही वाचक विचारतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यावरच्या अपघातांनंतर पडण्याचाच क्रमांक लागतो आणि यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू कमी व मध्यम उत्पन्नाच्या देशांत, म्हणजे आपल्यासारख्या देशांत होतात. या आकड्यात घसरून पडणारे वृद्धही आले आणि झाडावरून, छतावरून पडणारेही आले. पण आपल्या गावात कमावता, धडधाकट माणूस पडतो तो बहुधा उंचावरून. मलेरियासाठी आपण फवारणी करतो, पोलिओसाठी डोस देतो. मग ज्या लाकडा-बांबूच्या दोन दांड्यांमुळे घरचा कर्ता पुरुष वर्षभर अंथरुणाला खिळतो, त्याबद्दल चार शब्द लिहायला हरकत नसावी.

आपली शिडी बाराही महिने उभी

आपल्या भागात शिडीला विश्रांती नाही. उन्हाळा लागला की कूलर काढायचे, खस बदलायची, वरच्या खिडकीत ते बसवायचे. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, टिनाचे खिळे ठोकायचे. पावसाळ्यात गळती शोधायला वर जायचे. गणपती आणि दुर्गादेवीच्या मंडपांना लायटिंग लावायचे. दसरा-दिवाळीला भिंतींना रंग द्यायचा. संक्रांतीला छतावर अडकलेले पतंग काढायला पोरे चढतात. आणि भिवापुरी मिरचीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असले, तरी घरची मिरची वाळायला जाते ती छतावरच. डोक्यावर टोपले, एका हाताने लुगड्याचा ओचा सावरलेला आणि एक हात शिडीला, अशी सून रोज दोनदा वरखाली करते.

त्यातून एक नवीनच अडचण उभी झाली आहे. गेल्या काही वर्षांत पुष्कळ कवेलूची घरे जाऊन स्लॅबची घरे आली. ही आनंदाचीच गोष्ट. पण पैसे स्लॅबपर्यंतच पुरले आणि ‘जिना नंतर बांधू’ असे ठरले. तो ‘नंतर’ काही उगवत नाही. मग बांधकामावेळी ठेकेदाराने सोडून दिलेली बांबूची शिडी हाच त्या घराचा जिना होतो. ऊन, पाऊस, वाळवी खात ती वर्षानुवर्षे एका जागी उभी असते आणि म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या, शाळकरी मुले सारे तिच्यावरून ये-जा करतात. जिने आपण निदान सिमेंटचे बांधतो, या जिन्याची मात्र एक पायरी मोडेपर्यंत कोणी तिच्याकडे पाहात नाही.

दहा फूट म्हणजे किती?

‘दहाच तर फूट आहे जी डॉक्टरसाहेब, काही नाही होत,’ हे वाक्य मी नेहमी ऐकतो. दहा फुटांवरून सुटलेला माणूस पाऊण सेकंदाच्या सुमारास जमिनीवर आदळतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. म्हणजे चालत्या मोपेडवरून तोंडघशी पडावे तसेच. पाऊण सेकंदात काहीतरी धरून सावरता येईल अशी कल्पना कोणी करू नये.

पायांवर पडला तर टाचेचे हाड चुरते. लोकांना वाटते, टाचच तर आहे, लेप लावू. पण तोच हिसका वर पाठीच्या कण्यापर्यंत जातो आणि छाती व कंबर यांच्या सांध्यावरचा मणका दबतो. म्हणून उंचावरून पडून टाच सुजलेल्या प्रत्येक माणसाची पाठ तपासून घ्यावी, ती दुखत नसली तरीही. हात टेकून पडला तर मनगट मोडते. वृद्ध माणूस कुशीवर पडला तर खुब्याचे हाड जाते. डोके आपटले तर काय होईल ते सांगायला नको. पण यात एक फसवा प्रकार आहे. माणूस पडतो, उठून बसतो, चहा मागतो, सगळे म्हणतात वाचला. काही तासांनी त्याला गुंगी येते, उलट्या होतात. कवटीच्या आत रक्त साकळत असते आणि आपण ‘झोपू द्या त्याला’ म्हणून दार लोटून घेतो.

शिडी घेताना

कोष्टी साडी दाखवतो तेव्हा आपण तिचे काठ, पदर, रंग दहा वेळा पारखतो. बैल घेताना दात मोजतो. शिडी घेताना मात्र ‘लांब आहे ना?’ एवढाच प्रश्न विचारतो.

बांबूची शिडी वाईट असे माझे म्हणणे नाही. बांबू पक्का, ताजा, किडीविना असेल, पायऱ्या दांड्यांत नीट बसवलेल्या असतील आणि काम झाल्यावर ती आडोशाला ठेवली जात असेल तर ती चांगली सेवा देते. पायरी नुसत्या सुतळीने बांधलेली असेल तर मात्र ती शिडी नव्हे, सापळा आहे. लाकडाच्या शिडीला ऑइलपेंटने रंगवू नये, कारण रंगाखाली भेग दिसत नाही. आणि कोणतीही शिडी दोन-तीन महिन्यांनी जमिनीवर आडवी घालून, एकेक पायरी पायाने दाबून पाहावी.

आता बाजारात अल्युमिनियमच्या सरकत्या शिड्या मिळतात. दुकानदार त्यांना एक्स्टेन्शन शिडी म्हणतात. दोन भाग एकमेकांवरून सरकतात, दोर ओढला की वरचा भाग वर जातो आणि खटके पायरीवर बसून अडकतात. हलकी, ठेवायला सोपी, कामाला चांगली. पण ती घेताना एक हिशेब कळला पाहिजे, कारण तो दुकानदार सांगत नाही.

दहा-दहा फुटांचे दोन भाग असलेली शिडी ‘वीस फुटी’ म्हणून विकली जाते. ती वीस फूट उंच जात नाही. दोन्ही भाग निदान तीन फूट एकमेकांवर राहिलेच पाहिजेत, नाहीतर ती मधोमध वाकते. म्हणजे उरले सतरा. छतावर उतरायचे तर शिडीचे टोक काठाच्या वर निदान तीन फूट निघाले पाहिजे, म्हणजे उतरताना-चढताना हाताला धरायला काही राहते. म्हणजे काठापर्यंत उरले चौदा. आणि शिडी तिरपी उभी करायची असल्याने सरळ उंची मिळाली साडेतेरा फुटांच्या आसपास. आता आपले घर मोजा. जोते दोन फूट, स्लॅब दहा फूट, वर कठडा तीन फूट, झाले पंधरा. वीस फुटी शिडी अपुरी पडली! या घराला बारा-बारा फुटांच्या दोन भागांची, म्हणजे चोवीस फुटी शिडी लागते. शिडी अपुरी पडते म्हणूनच माणूस सर्वांत वरच्या पायरीवर उभा राहतो, खाली विटा रचतो, किंवा शिडी टेबलावर ठेवतो, आणि मग मला त्याची ओळख होते.

दुसरी गोष्ट वजनाची. शिडीवर माणसाचेच नव्हे, त्याच्या हातातल्या सामानाचेही वजन येते. सत्तर किलोचा रंगारी, भरलेली बादली, अवजारे असे धरले तर शंभर किलो सहज होतात. शिडीवर किती वजन चालते ते छापलेले असते. १५० किलो लिहिलेली शिडी घरकामाला आणि कारागिराला दोघांनाही बरी. जिच्यावर काहीच छापलेले नाही ती स्वस्त असली तरी घेऊ नये. खाली रबराचे बूट आहेत का, ते झिजले नाहीत ना, खटके दोन्ही बाजूंनी पूर्ण बसतात का, पायऱ्यांना खाचा आहेत का, दोर कुजका नाही ना, एवढे दुकानातच उघडून पाहावे. शिड्यांच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक ब्यूरोची आय. एस. ३६९६, भाग २ ही १९९१ ची संहिता आहे. तिची चौकशी केली म्हणजे दुकानदारही जरा सावध होतो.

घरात पंखा पुसायला, बल्ब बदलायला ही शिडी नको. तिथे चार पायांची घोडी हवी. टेबलावर स्टूल आणि स्टुलावर आपण, हा प्रकार दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी किती मनगटे मोडतो ते आमच्या धंद्यातल्या लोकांना विचारावे.

उभी करताना आणि चढताना

शिडी उभी करण्याचा नियम चारास एक असा आहे. चार फूट वर, तर भिंतीपासून एक फूट दूर. टेकण्याच्या जागेपर्यंत शिडी चौदा फूट असेल तर तिचे पाय भिंतीपासून साडेतीन फुटांवर हवेत. टेप घेऊन मोजायला नको. शिडीच्या पायाशी पायाची बोटे लावून ताठ उभे राहावे आणि दोन्ही हात समोर सरळ पसरावेत. तळवे खांद्याच्या उंचीवरच्या पायरीला सहज टेकले तर शिडी बरोबर उभी आहे. हात पोचत नसतील तर ती फार आडवी, पायाकडून सरकेल. कोपरे वाकत असतील तर ती फार खडी, चढताना मागे उलटेल.

आपली जमीन काळी. पावसाळ्यात शिडीचा एक पाय हळूच आत जातो आणि वरचे टोक हातभर बाजूला झुकते. म्हणून मातीवर खाली रुंद फळी टाकावी. सारवलेली ओली जमीन, शेवाळलेली फरशी, सांडलेला चुना यांवर शिडी लावूच नये. एका पायाखाली वीट देऊन ती समतल करू नये, माती खरवडून जागा सारखी करावी. वरचे टोक पन्हाळ्याला, टिनाच्या काठाला, कूलरला किंवा खिडकीच्या काचेला टेकवू नये. टोक दोराने बांधावे आणि ते बांधून होईपर्यंत खाली एका मोठ्या माणसाने शिडी धरून उभे राहावे. मुलाला धरायला लावणे म्हणजे एकाऐवजी दोघांना संकटात घालणे होय. सरकत्या शिडीची लांबी कमी-जास्त करायची ती कोणी वर नसतानाच.

चढताना तोंड शिडीकडे, उतरतानाही तोंड शिडीकडेच. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी शिडीवर असावेत. याचा अर्थ हातात काही नसावे. मिरचीचे टोपले असो की रंगाची बादली, आधी माणूस वर जाईल, मग सामान दोराने ओढून घेईल. स्लिपर काढून ठेवावी. सर्वांत वरच्या तीन पायऱ्या धरण्यासाठी आहेत, उभे राहण्यासाठी नाहीत. आणि पोटाची बेंबी शिडीच्या दोन दांड्यांच्या आतच राहावी. ती बाहेर गेली म्हणजे आपण फार वाकलो. ‘एवढाच कोपरा राहिला’ म्हणून वाकणाऱ्यांनी आमचे दवाखाने भरले आहेत. खाली उतरून शिडी सरकवायला दोन मिनिटे लागतात.

वीज हा तर वेगळाच वैरी. अल्युमिनियमची शिडी आणि ओला बांबू दोन्हींतून वीज वाहते. घरावरून तार गेली असेल तर शिडी, तिचे वरचे टोक आणि हातातला दांडा धरूनही ती तारेपासून दहा फुटांच्या आत येता कामा नये. शिडी उभी करण्याआधी मान वर करून पाहावे, हा पहिला नियम. तारेजवळच काम असेल तर आधी महावितरणला १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्यावा. कूलरच्या कामाला प्लग काढल्याशिवाय हात लावू नये. जमिनीवर असताना जो झटका नुसता ‘चमकून’ सोडतो, तोच शिडीवर असताना खाली फेकतो.

आणि कोणी चढू नये? ज्यांना चक्कर येते, ज्यांना फीट येते, ज्यांनी सर्दीची किंवा झोपेची गुंगी आणणारी गोळी घेतली आहे, ज्यांचे रक्तदाबाचे औषध नुकतेच बदलले आहे, त्यांनी त्या दिवशी जमिनीवरच राहावे. रक्त पातळ होण्याचे औषध चालू असलेल्यांनी तर छोट्या पडण्यालाही भ्यावे. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या टिनावर धडधाकट माणसालाही भोवळ येते, तेव्हा हे काम सकाळी नऊच्या आत उरकावे. वारा-पावसात थांबावे. दारू घेतलेल्याला शिडीजवळ फिरकू देऊ नये, मग तो कितीही कसबी असो.

पडलाच तर

इथे आपण फार मोठी हानी करतो आणि तीही प्रेमापोटी. पडलेल्याला दोघे बगलेत धरून उठवतात, बसवतात, पाणी पाजतात आणि मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून दवाखान्यात आणतात. मणका मोडला असेल आणि आतली मज्जारज्जू शाबूत असेल तर ती या बसवण्या-वाकवण्यात दुखावते. जो चालू शकला असता, तो जन्माचा पांगळा होतो.

म्हणून पडलेल्याला हलवू नये. विजेची तार किंवा आग जवळ असेल तरच हलवावे. तारेला चिकटलेल्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करावा. एकाने डोक्याशी बसून डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबावे. पायाची बोटे हलतात का, स्पर्श कळतो का, एवढे विचारावे. उलटी होत असेल तर तिघा-चौघांनी डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून सारे अंग एकदम कुशीवर वळवावे. खायला-प्यायला देऊ नये, शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. १०८ ला फोन करावा. गाडी येऊच शकत नसेल तर दाराची फळी किंवा सपाट तख्त आणून चौघा-पाचजणांनी एकदम उचलावे. इथून नागपूरचे मेडिकल सुमारे सत्तर किलोमीटर. तेवढा रस्ता वाकड्या पाठीने करायचा नसतो. चोळणे, ओढणे, हाड बसवणाऱ्याकडे नेणे हे तर मुळीच नको. आणि डोक्याला मार लागून शुद्धीवर असलेल्याकडेही निदान चोवीस तास लक्ष ठेवावे. गुंगी, उलटी, वाढती डोकेदुखी यांतले काही दिसताच मोठे रुग्णालय गाठावे.

चढवणाऱ्याचे कर्तव्य

शेवटी माझा मुख्य मुद्दा. बांधकाम कामगारांसाठी केंद्राने १९९६ मध्ये कायदा केला आणि १९९८ च्या नियमांत शिड्यांविषयी वेगळी कलमे घातली. पण स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाखांपर्यंतचे काम त्या कायद्याने बाहेर ठेवले होते. म्हणजे आपल्या गावातला रंगारी, कवेलू फेरणारा, मंडपवाला, दोन दिवसांच्या रोजीवर आलेला मजूर यांच्यापर्यंत तो कायदा पोचलाच नाही. सरकारी माणूस प्रत्येक आवारात येऊन शिडी तपासेल अशी आशाही करू नये.

तेव्हा हे काम आपल्यालाच करावे लागेल. माझे म्हणणे असे, की जो दुसऱ्याला वर चढवतो, त्याने शिडीची जबाबदारी घ्यावी. रंगाऱ्याचा रोज ठरवताना घासाघीस करा, पण ‘शिडी तुझी तू आण’ म्हणू नका, आणि त्याने आणली तर ती स्वतः पाहा. सासूने सुनेला मिरच्या वाळवायला पाठवण्याआधी शिडी हलवून पाहावी. ठेकेदाराने स्लॅबबरोबर जिन्याचाही हिशेब मांडावा आणि घरधन्याने बाकीची हौस मागे ठेवून आधी जिना बांधावा.

चांगली शिडी प्रत्येक घराला परवडणार नाही, हे मला समजते. पण ती वर्षातून पाच-सात वेळाच लागते. मग मोहल्ल्यात एक का असू नये? उत्सव मंडळे वर्गणीतून दरवर्षी लाउडस्पीकर आणि लायटिंगवर खर्च करतात. एका वर्षी त्यातून चोवीस फुटी चांगली शिडी, एक जाड दोर आणि एक फळी घ्यावी. नगरपंचायत असो, ग्रामपंचायत असो की बायकांचा बचत गट, कोणीही ती सांभाळावी आणि नाममात्र भाड्याने द्यावी. मयतीचे सामान आणि लग्नाची भांडी गावात अशीच सामायिक असतात की!

वाचकहो, या रविवारी एवढेच करा. आवारातली शिडी खाली आडवी घाला आणि एकेक पायरी दाबून पाहा. जी पायरी हलेल ती पक्की करा. सारी शिडीच खिळखिळी असेल तर तिची चुलीसाठी लाकडे करा, म्हणजे शेजारीही ती मागून नेणार नाही.